चढावरची शिट्टी

माझ्या औषधाच्या दुकानासमोर एक मोटार गॅरेज आहे. त्याच्या मालकांना सगळे कानसेन म्हणतात. पाटीवर वेगळंच नाव आहे, पण ते पाटी रंगवणाऱ्यालाही आता आठवत नसेल.

तेहतीस वर्षांपूर्वी त्यांनी मामांच्या हाताखाली काम शिकून स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हा हत्यारं बेताचीच होती. एक लांब स्क्रूड्रायव्हर मात्र होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ते शांतपणे सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे. उघडून पाहावं तर तिसऱ्याचाच. एकदा ते माझ्याकडे खोकल्याच्या गोळ्या घ्यायला आले असताना बाहेरून एक टॅक्सी गेली. गोळ्या काउंटरवर तशाच टाकून हे पळाले, चौकातल्या सिग्नलला टॅक्सी गाठली आणि ड्रायव्हरला उतरवून दाखवलं की मागच्या डाव्या चाकाचे नट हाताने फिरताहेत. त्या दिवसापासून त्यांचं नाव कानसेन झालं आणि त्यांनीही ते आढेवेढे न घेता स्वीकारलं.

त्यांना बायकोही तशीच मिळाली. वहिनी बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. एकदा कानावरून गेलेला आवाज त्या विसरत नाहीत. आजही कोणी पंधरा वर्षांनी फोन केला, तरी "हॅलो" संपायच्या आत त्या सांगतात की कोण बोलतंय आणि त्याला सर्दी झाली आहे. शिवाय ऐकलेलं जसंच्या तसं, दोन्ही बाजूंच्या आवाजात सांगायची त्यांना सवय आहे. मी पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं मला असंच कळलं. असे चार कान एका घरात असल्यामुळे त्यांच्या मुलीला लहानपणी बिस्किटांचा डबा चोरून कधीच उघडता आला नाही. आता ती दुसऱ्या गावी नोकरी करते आणि म्हणते, इथे आल्यावर मला पहिल्यांदा निवांतपणे कुरकुरीत काही खाता आलं.

तर अशा माणसाच्या आयुष्यात टर्बो आला.

टर्बोच्या पेट्रोल गाड्या आमच्या रस्त्यावर दिसायला लागल्या, तेव्हा कानसेनांनी सुरुवातीला नाक मुरडलं. एक हजार सीसीलाही दोन कमी, सिलिंडर तीनच, आणि ताकद म्हणे एकशे बारा हॉर्सपॉवर. एवढ्याशा इंजिनात हे कुठून येणार, असं त्यांचं म्हणणं. पण एकदा एक इंजिन खोलल्यावर ते त्याच्या प्रेमातच पडले. मग त्यांनी मला काउंटरवर पेन आणि दोन बाटल्यांची झाकणं घेऊन समजावून सांगितलं. इंजिनातून जो धूर वाया जातो, तो एका छोट्या पंख्यावर सोडायचा. पंखा फिरला की त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. कोंबलेली हवा तापते, म्हणून ती आधी इंटरकूलर नावाच्या जाळीतून फिरवून थंड करायची. "लहान पोटाच्या माणसाला आग्रह करकरून वाढायचं, बस," ते म्हणाले. तो दांडा मिनिटाला दोन लाख फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, हे सांगताना त्यांचा आवाज देवघरात उभं राहिल्यासारखा झाला होता.

प्रेमात पडलेला माणूस उपदेश करायला लागतो. टर्बोची गाडी घेऊन कोणी आलं की कानसेन आधी त्याला उभं करून ऐकवायचे. तेल वेळेवर बदला, आणि कंपनीने सांगितलंय तेच घाला, कारण तेल खराब झालं की तो दांडा पहिला जातो. घाट चढून आलात की लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, नाहीतर तापलेल्या टर्बोत तेल जळून बसतं. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, एकदम पाय दाबू नका, पेट्रोल नको त्या वेळी पेटतं आणि पिस्टनला तडा जातो. प्लगमधली फट वाढली की कॉइल जाते. माणसं घड्याळ बघायची, हे बोलतच राहायचे.

फक्त एका गिऱ्हाइकाने हे सगळं मान डोलवत ऐकून घेतलं. त्या म्हणजे पाण्याच्या टाकीच्या चढापलीकडे दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरबाई. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या की मीही पेशंटना असंच सांगते आणि तेही असंच घड्याळ बघतात. मग त्यांनी कानसेनांना दात कसे घासावेत ते सांगितलं. दोघांनीही एकमेकांना दर सहा महिन्यांनी दाखवून जायला बजावलं. दोघांचं सूत तिथेच जुळलं.

बाईंची तक्रार साधी होती. गाडी चढावर शिट्टी मारते. बारीक, चिरचिरी, अगदी त्यांच्या दात कोरायच्या मशीनसारखी. शिवाय गाडीत पूर्वीचा दम नाही आणि पेट्रोल जास्त खाते.

कानसेनांनी बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. काही नाही. उभ्या गाडीत टर्बोला जोर नसतो, म्हणून ते बाईंना शेजारी बसवून पाण्याच्या टाकीच्या चढावर गेले. अर्ध्या चढावर बाई म्हणाल्या, ही बघा. कानसेनांनी मान तिरकी केली, काच खाली घेतली, पुन्हा वर घेतली. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. पण तेहतीस वर्षांच्या कीर्तीचा माणूस असं कसं म्हणणार? ते म्हणाले की टर्बोला थोडी शिट्टी असतेच, ती त्याची बोली आहे. त्यांनी एअर फिल्टर आणि प्लग बदलले आणि गाडी परत दिली.

पंधरा दिवसांनी बाई पुन्हा हजर. शिट्टी आहे.

या वेळी कानसेनांनी मनावर घेतलं. अशा इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवतात, त्यामुळे हवेच्या व्हॉल्व्हवर ते पडत नाही आणि व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. त्यांच्यावर काजळीची पुटं चढतात. कानसेनांनी वरचा भाग खोलला, तर व्हॉल्व्ह जळलेल्या वांग्यासारखे काळे. ही काजळी काढायची तर अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोराने मारतात. तो कडक असतो, पण धातूला ओरखडा पाडत नाही. दोन दिवस गॅरेजमध्ये अक्रोडाचा पाऊस पडत होता. वहिनींना त्यांच्या शर्टाच्या खिशात, बुटांत आणि भुवईतसुद्धा भुगा सापडला. इंजिन मात्र नव्यासारखं झालं. कानसेनांनी आठवडाभर हा पराक्रम माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला, अगदी ताप मोजायला थर्मामीटर घ्यायला आलेल्यालाही.

आठव्या दिवशी बाई आल्या. गाडी उत्तम चालते आहे, त्या म्हणाल्या, अगदी लोण्यासारखी. फक्त चढावर थोडी दमते, आणि शिट्टी वाजतेच.

कानसेनांचा चेहरा पडला. ती शिट्टी बाईंच्या कानात बसली असावी, असं त्यांना मनापासून वाटायला लागलं. दिवसभर ते मशीन कानाशी घेऊन बसल्यावर दुसरं काय होणार? त्यांनी हे वहिनींना सांगितलं. त्याआधी सहा महिने त्या घरात टीव्हीच्या आवाजावरून रोज खटका उडत होता. हे वाढवायचे, त्या कमी करायच्या. दाराची घंटा बिघडलीय म्हणून यांनी दोनदा ती बदलली होती. कुकरची शिट्टी बसली आहे म्हणून कुकर दुरुस्तीला नेला होता, आणि दुरुस्तीवाल्याने तो हात न लावता परत दिला होता. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे, हे वहिनींच्या ध्यानात आलं होतं. पण हा विषय काढला की ते म्हणायचे, "अगं, लोक मला काय म्हणतात ते विसरलीस का?"

मग एका मंगळवारी योग जुळून आला. वहिनींच्या दाढेवर टोपी बसवायची होती आणि बाईंची गाडी पुन्हा एकदा तपासून दवाखान्यात पोचवायची होती. दोघं त्याच गाडीतून निघाली. वाट पाण्याच्या टाकीवरूनच जाते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढाला लागली, कानसेनांनी पाय दाबला, आणि वहिनी मागे वळून पाहायला लागल्या. कोण शिट्टी वाजवतंय, त्यांनी विचारलं.

कानसेनांना वाटलं, डॉक्टरबाईंनी हिला पढवून ठेवलंय. त्यांनी गाडी वळवून पुन्हा खालून आणली. वहिनींनी पुन्हा त्याच विजेच्या खांबापाशी हात वर केला. तिसऱ्यांदाही तिथेच. चौथ्यांदा त्यांनी पाय हलका ठेवला, तेव्हा वहिनी म्हणाल्या की आता नाही. मग न सांगता जोर दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हां, लागली. उजवीकडे, खालून येतेय. आधी बारीक, मग सुईसारखी." एवढं बिनचूक कोणी नाटक करत नाही, हे कानसेनांनाही कळलं असणार. पण त्यांनी गाडी दवाखान्याकडे हाकली.

वहिनी आत खुर्चीवर बसल्या. कानसेन बाहेरच्या बाकावर जुनं मासिक चाळत बसले. खोलीत आणखी चौघं होती. थोड्या वेळाने त्यांचं सहज लक्ष गेलं, तर समोरच्या आजींनी दोन्ही कानांत बोटं घातली होती. त्यांच्या शेजारचा गृहस्थ डोळे घट्ट मिटून बसला होता. कोपऱ्यातल्या बाईंनी जबडा धरला होता. कानसेनांनी दाराकडे पाहिलं. त्यांना हवेच्या कम्प्रेसरची घरघर ऐकू येत होती, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, दुसरं काही नाही. तेवढ्यात चौघांचेही चेहरे एकदम सैल झाले. आजींनी बोटं काढली. मिनिटाभराने पुन्हा घातली. कानसेनांनी मासिक मिटून मांडीवर ठेवलं आणि ते चौघांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिले.

परत येताना दोघं चालत होती. वहिनींचा अर्धा गाल बधिर होता. टाकीच्या चढावर कानसेन थांबले.

"आत मशीन चालू होतं?" त्यांनी विचारलं.

"कोणतं?"

"दाताचं."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बधिर तोंडाने जमेल तसं सांगितलं, "चांगला पाऊण तास."

कानसेनांनी खांबाला हात टेकला. वहिनी मला म्हणाल्या, इतक्या वर्षांत मी यांना असं कधी पाहिलं नव्हतं, हात भाजला होता तेव्हासुद्धा नाही. मग त्या त्यांची बाही धरून चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेन माझ्या दुकानात आले आणि त्यांनी कानाचे थेंब मागितले. मी विचारलं, दुखतोय का? ते म्हणाले, नाही. मळ आहे का? नसावा. मग थेंब कशाला, मी विचारलं, तर त्यांनी खोकल्याच्या औषधांकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "मला शिट्ट्या ऐकू येत नाहीत." मी त्यांना थेंब दिले नाहीत, कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. पण आधी डॉक्टरबाईंची गाडी परत आणतो, असं म्हणून ते उठले.

त्यानंतरचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, कारण दुकान सोडून मी रस्ता ओलांडला. कानसेनांनी एका प्लास्टिकच्या झाकणाला भोक पाडून त्यात टायरवाल्याकडून आणलेला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला होता. ते झाकण त्यांनी हवेच्या पाइपच्या तोंडावर आवळलं आणि कम्प्रेसरने आत हळूहळू हवा सोडली. इंजिन बंद, गॅरेज बंद, हाताखालच्या दोन्ही मिस्त्रींना हत्यारं खाली ठेवून गप्प बसायला सांगितलेलं. वहिनी हेडफोन लावायच्या जुन्या सवयीने केस कानामागे सारून बॉनेटखाली वाकल्या. एक्स्चेंजमध्ये खराब लाइन शोधताना करत असतील तसा त्यांचा चेहरा झाला होता. टर्बोवरून त्या इंटरकूलरकडे सरकल्या, पुढे गेल्या, मागे आल्या, आणि एका जाड काळ्या रबरी होजच्या खालच्या बाजूला त्यांनी बोट दाखवलं.

कानसेनांनी तिथे साबणाचं पाणी मारलं. फेसाचे फुगे भराभर वर आले.

होजवर एक चीर होती, नखाएवढी. होज आवळणाऱ्या पट्टीच्या कडेने घासून घासून पडलेली, आणि बरोबर खालून, म्हणून वरून पाहणाऱ्याला दिसत नव्हती. टर्बोने जोर लावला की टायरमधल्या हवेच्या निम्म्या दाबाने हवा तिथून निसटायची आणि शिट्टी वाजायची. गाडीचा कॉम्प्युटर बिचारा टर्बोला आणखी पळवून ती कसर भरून काढायचा, म्हणून कुठला दिवाही लागत नव्हता. तीन खेपांचं काम, अक्रोडाची पोतडी, आणि कारण एवढंसं. मिस्त्री हसू दाबत होते. कानसेनांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वतःच आधी हसले.

नवा होज बसवून ते गाडी द्यायला गेले, तेव्हा त्यांनी डॉक्टरबाईंची रीतसर माफी मागितली. शिट्टी टर्बोची बोली नव्हती, मीच बहिरा होतो, म्हणाले. आता कानाला यंत्र लावायला सांगतील, आणि कानसेनच्या कानात यंत्र म्हटल्यावर लोक काय म्हणतील. बाईंनी हातातलं काम ठेवलं.

"माझ्याकडे तोंडात चार दात उरलेली माणसं येतात," त्या म्हणाल्या, "आणि सांगतात की मला सगळं चावता येतं. मी कवळी लावली की घरी जाऊन महिनाभर रुसतात. मग एक दिवस पेरू खातात."

कानसेन कानाच्या डॉक्टरांकडे गेले. काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागदावरचा आलेख समोर ठेवला. तीन हजार हर्ट्झपर्यंत रेघ सरळ, पुढच्या बारीक आवाजांना घसरगुंडी. कानसेनांनी आयुष्यात असे आलेख पुष्कळ पाहिले होते, फक्त इंजिनांचे. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, म्हणजे तीन हजारांच्या पुढे पिकअपच नाही. डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर, आणि तो तेहतीस वर्षं हवेवर चालणाऱ्या पान्याच्या आणि ग्राइंडरच्या आवाजाने गेलाय. परत येणार नाही, पण यंत्र आवाज वाढवून आत पोचवतं. कानसेनांनी विचारलं की टर्बोसारखंच का. डॉक्टरांनी विचार करून हो म्हटलं, आणि मग खुर्ची पुढे ओढून आपल्या टर्बो गाडीविषयी विचारायला सुरुवात केली. बाहेर पुढचा पेशंट अर्धा तास थांबला होता.

यंत्र लावल्याचा पहिला आठवडा सगळ्यांनाच जड गेला. प्लास्टिकची पिशवी एवढी किंचाळते, हे कानसेन विसरून गेले होते. वर्तमानपत्राचं पान उलटलं की ते दचकायचे. माझ्या दुकानाचा पंखा कुरकुरतोय, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा शिडी घेऊन आले. दाराच्या दोन्ही घंटा, जुनी आणि त्याआधीची, कपाटातून काढून त्यांनी वाजवून पाहिल्या. दोन्ही ठणठणीत होत्या. त्या त्यांनी वहिनींसमोर टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, टीव्हीचा रिमोट आजपासून तुझा.

तरी फार बारीक आवाज त्यांना अजूनही पकडता येत नाहीत, आणि ते हे सांगायला आता लाजत नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं की शिट्टी आहे, तर ते वहिनींना हाक मारतात. वहिनी पर्स घेऊन गाडीत बसतात आणि दोघं टाकीच्या चढावर जाऊन येतात. पलीकडच्या मोठ्या गॅरेजवाल्यानेही एकदा वहिनींना आठवड्यातून दोन दिवस याल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, यांना विचारून सांगते. यांनी दोन दिवस त्यांना स्वतः चहा करून दिला, तेव्हा तो विषय मिटला.

आपलाच हवेचा पाना केवढा मोठा आवाज करतो, हे यंत्र लावल्यावर कानसेनांना पहिल्यांदा कळलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मिस्त्रींसाठी कान झाकणारे जाड गोल मफ आणले आणि घातल्याशिवाय ग्राइंडरला हात लावायचा नाही, असा दम भरला. मिस्त्री आधी कुरकुरले. कानसेनांनी आपला आलेख भिंतीवर चिकटवला, तेव्हा गप्प झाले. आता गॅरेजमध्ये कोणाची हाक कोणाला ऐकू जात नाही. कोणी काही विचारलं की तिघं एकमेकांना हातवारे करतात, आणि चुकीचा पाना पुढे येतो. शेवटी वहिनींनी शाळेतला असतो तसा एक फळा आणून दारापाशी टांगला. जो काही निरोप असेल तो त्यावर खडूने लिहायचा.

आज दुपारी मी औषधांची खोकी उतरवून घेताना पाहिलं, तर फळ्यावर वहिनींच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: लाल गाडीचं तेल बदललं का? खाली कानसेनांचं उत्तर होतं, हो. आणि त्याच्याही खाली, एका मिस्त्रीच्या वाकड्या अक्षरात: कोणती लाल?